साठी, बुद्धी आणि साखर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पारनेर मुक्कामी दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधुवरांचा परिचय, लग्नकार्यातील खर्चाला आळा, शिष्यवृत्तीचा निधी इत्यादी विषयांवर दरवर्षी विचारविनिमय होतो, आणि तो होणे सर्वथा योग्यच आहे. परंतु या साऱ्या विषयांत आपली दृष्टी मुख्यतः तरुण पिढीकडे लागलेली असते. ज्यांच्या कष्टांवर ही घरे उभी राहिली, त्या साठी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांना आपण शाल व श्रीफळ देतो, टाळ्या वाजवितो आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळतो. चालकांनी विषय निवडण्याची मुभा मजवर सोपविली, म्हणून आज मी या वडीलधाऱ्यांच्या संबंधीचा एक विषय घेतला आहे. तो म्हणजे मधुमेहामुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांना होणारी इजा आणि तिच्यामुळे हळूहळू मंदावणारी बुद्धी.

प्रथमच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात माझी हयात गेली. अवघड गोष्ट सोपी करून सांगावयाची, एवढीच विद्या मजजवळ आहे. जे वाचले, जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले आणि आसपासच्या घरांतून पाहिले, तेच आपणापुढे मांडीत आहे. माझे भाषण ऐकून कोणी आपली गोळी सोडू नये वा बदलू नये. फार तर आपल्या डॉक्टरांना चार प्रश्न अधिक विचारावेत.

आपल्या भाषेत ‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण आहे. म्हणी अनुभवातून जन्मतात हे खरे, परंतु प्रत्येक म्हण सत्यच असते असे नव्हे. या म्हणीला उत्तर आपल्या पारनेरनेच दिलेले आहे. सेनापती बापट हे या गावचे सुपुत्र. त्यांचा जन्म १८८० चा. १९५५ साली गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह झाला, त्या वेळी ते सत्तरीच्या पुष्कळ पुढे गेलेले होते. तरीही ते त्या सत्याग्रहात उतरले. म्हणजे साठी आली की बुद्धीने घर सोडलेच पाहिजे असा सृष्टीचा नियम नाही. वय वाढले की नाव आठवायला थोडा वेळ लागतो, चष्मा कोठे ठेवला हे शोधावे लागते. इतपत सर्वांचेच होते. परंतु ज्या माणसाने सोसायटीचा हिशेब तीस वर्षे बिनचूक ठेवला, त्याला किराण्याच्या यादीची बेरीज जमेनाशी होते, हे वयाचे लक्षण नव्हे. ते आजाराचे लक्षण आहे, आणि आजार म्हटला की त्याला कारण असते, पुष्कळदा काही उपायही असतो. आजच्या माझ्या भाषणाचे सार एवढेच आहे.

आता असे पाहा की, आपल्या घराघरांतून कोणते चित्र दिसते. घरातील आजोबा पूर्वी बाजारहाट, बैलजोडीचा सौदा, मुलीचे स्थळ, कोर्टाची तारीख ही सर्व कामे एका वेळी डोक्यात वागवीत. आता त्यांना एक काम सांगितले की दुसरे राहून जाते. प्रश्न विचारला तर उत्तर येते, पण उशिरा येते. पाऊल आखूड पडते, पाय जमिनीला घासत चालतात. लघवीची घाई होते. पूर्वी पारावर बसून गप्पा मारणारा माणूस घराच्या कोपऱ्यात बसून राहतो. आजीबाई पन्नास पानांचा स्वयंपाक एकट्या उरकीत. आता आधी भात लावावा की आमटी फोडणीस टाकावी, याचा क्रमच त्यांना लागत नाही. मग घरातील मंडळी काय म्हणतात? “बाबा हट्टी झाले”, “आजी आळशी झाली”, “मुद्दाम करतात.” सुना कंटाळतात, मुलगे खेकसतात, आणि ज्याला त्रास होतो आहे तो मनातल्या मनात शरमतो. या घरांत मधुमेहाची गोळी दहा-पंधरा वर्षे चालू असते. परंतु त्या गोळीचा आणि या वागण्याचा काही संबंध असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही.

मधुमेह हा आपल्या देशाला नवा रोग नाही. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून त्यांत मधुमेह आहे. इतकेच नव्हे, तर स्थूल रोगी आणि कृश रोगी असा भेदही त्यांनी केलेला आहे. इन्सुलिनचा शोध कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. त्यानंतर मधुमेही माणूस दीर्घकाळ जगू लागला ही मानवजातीवर मोठीच कृपा झाली; परंतु दीर्घकाळ जगल्यामुळेच डोळे, मूत्रपिंड, पाय आणि मेंदू यांवरील या रोगाचे सावकाश होणारे परिणामही दिसू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लक्ष लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा मेळ घातला असता असे दिसते की, मधुमेह नसलेल्यापेक्षा मधुमेह असलेल्या माणसाला स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे दीडपट असतो. याचा अर्थ प्रत्येक मधुमेह्याची बुद्धी जाते असा नव्हे. बहुसंख्य मधुमेही अखेरपर्यंत शहाणे राहतात. पण धोका वाढतो हे निश्चित.

हा धोका कसा वाढतो हे समजण्यासाठी आपण कुकडीच्या डाव्या कालव्याचे उदाहरण घेऊ, कारण पारनेरकरांना पाण्याचे गणित शिकवावे लागत नाही. आवर्तन सुटते, मुख्य कालवा भरून वाहतो, चारीच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याचे पीक हिरवेगार असते. पण चारीच्या अगदी शेवटाला, ज्याला आपण टेलचे शेत म्हणतो, तेथे काय स्थिती असते? वाटेत गाळ साचला, गवत माजले, काठ खचला, की सर्वांत आधी टेलचा शेतकरी कोरडा राहतो. कालव्यावर उभे राहून पाहणाऱ्याला मात्र सर्व काही ठीक दिसते.

मेंदूचा रक्तपुरवठा असाच आहे. मेंदू आपल्या शरीराच्या वजनाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याएवढा. परंतु शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. आणि गंमत अशी की, त्याच्याजवळ धान्याची कणगी म्हणून जवळजवळ नाहीच. रक्तातून येईल तेवढ्यावर त्याचा निर्वाह. मानेतून मोठ्या रक्तवाहिन्या वर जातात, त्यांना फांद्या फुटतात, आणि शेवटी केसासारख्या बारीक नळ्या मेंदूच्या गाभ्यात शिरतात. हा गाभा पांढऱ्या तंतूंचा असतो. मेंदूच्या एका भागाचा दुसऱ्या भागाशी जो निरोप चालतो, तो या तंतूंवरून. म्हणजे हे तंतू तारायंत्राच्या तारांप्रमाणे आहेत, आणि नेमके हेच टेलचे शेत आहे. त्यांना पाणी देणाऱ्या बारीक नळ्यांना दुसरीकडून जोड नसते. एक नळी बुजली की तेवढा तुकडा कोरडा पडतो.

रक्तात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या बारीक नळ्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, आतील अस्तर बिघडते, आणि गरज पडेल तेव्हा रुंद होण्याची त्यांची शक्ती जाते. हा झाला चारीतील गाळ. त्याच्या जोडीला रक्तदाब वाढलेला असेल, तर पाण्याच्या लोटाने चारीचे काठ ढासळावेत तद्वत या नळ्यांच्या भिंती खचतात, क्वचित फुटतात. मधुमेह आणि रक्तदाब हे पुष्कळदा एकाच घरात बिऱ्हाड करतात, ही खरी अडचण आहे. नळ्या बंद पडून मेंदूच्या गाभ्यात बारीक बारीक खड्डे पडतात. काही मोहरीएवढे, काही हरभऱ्याच्या दाण्याएवढे. त्यांपैकी पुष्कळ खड्डे पडतात तेव्हा माणसाला काहीच कळत नाही. ना हातपाय लुळा पडतो, ना तोंड वाकडे होते. परंतु खड्डे वाढत गेले, तारा सुटत गेल्या, की निरोप उशिरा पोचू लागतो.

ही गोष्ट डॉक्टरांना नव्याने कळली असेही नाही. ऑटो बिन्सवांगर या डॉक्टरने १८९४ साली मेंदूच्या पांढऱ्या भागाच्या अशा झिजेचे वर्णन केले. १९०१ साली फ्रान्समधील पियेर मारी यांनी त्या बारीक खड्ड्यांविषयी लिहिले. पुढे १९६० च्या दशकात मिलर फिशर यांनी मृतांचे मेंदू बारकाईने तपासून त्या खड्ड्यांचा रक्तदाबाशी संबंध दाखविला. परंतु ही सर्व परीक्षा मृत्यूनंतरची. जिवंत माणसाच्या मेंदूतील ही झीज सहज दिसू लागली ती चुंबकीय चित्रण, ज्याला आपण एमआरआय म्हणतो, ते प्रचारात आल्यावर. त्या चित्रात झिजलेला भाग पांढऱ्या डागांसारखा दिसतो. साठीनंतर थोडेफार डाग पुष्कळांना असतात, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही; डाग फार असले आणि ते वाढत असले तर मात्र त्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. स्मृतिभ्रंश म्हटला की लोकांना अल्झायमरचा रोग आठवतो. त्यात बहुधा आरंभीच स्मृती जाते. सकाळी जेवल्याचे दुपारी आठवत नाही आणि आठवण करून दिली तरी आठवत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या रोगात पुष्कळदा प्रकार निराळा असतो. गोष्ट मनात असते, पण वर यायला उशीर लागतो; थोडी खूण दिली की आठवते. वर्गात मला अशी मुले भेटत. पाठ केलेले असे, पण उभे केले की तोंड उघडत नसे. पहिला शब्द सांगितला की पुढचे धडाधड म्हणत. अशा माणसाचे स्मरण फारसे बिघडलेले नसून गती, योजकता आणि उत्साह हे बिघडलेले असतात. पुष्कळांत हे दोन्ही रोग एकत्रही नांदतात, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. परंतु घरच्यांनी यातून एक धडा घ्यावा. वडिलांना एका दमात चार कामे सांगू नयेत. एक सांगावे, ते झाल्यावर दुसरे सांगावे. उत्तराला वेळ द्यावा. पहिला शब्द आपण सुचवावा. चारचौघांत त्यांची परीक्षा घेऊ नये. एवढे केले तर घरातील निम्मी भांडणे मिटतील, आणि याला एक पैसाही खर्च येत नाही.

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, मधुमेह हा पुण्या-मुंबईच्या लठ्ठ माणसांचा रोग. आम्ही बाजरीची भाकरी खाणारे, अंगाने सडपातळ. आम्हाला तो का व्हावा?” या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या पुण्यानेच साऱ्या जगाला दिले आहे. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास आरंभिला. इंग्लंडमधील बालकाचे जन्माच्या वेळचे वजन सरासरी साडेतीन किलो, तर या खेड्यांतील बालकाचे पावणेतीन किलोहूनही किंचित कमी. पण या बारीक बालकांत मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून राहिलेली, असे त्यांना आढळले. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु इंग्रजाच्या शरीरात चरबी शेकडा ९.१ आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात शेकडा २१.२! दिसण्यात सडपातळ आणि आतून चरबीचा, असा आपला देह आहे. सबब, काट्यावरचे वजन पाहून मधुमेह नाही असे मानणे म्हणजे झाकण पाहून डब्यातील पीठ ओळखण्यासारखे आहे.

दुसरी एक गोष्ट पारनेर तालुक्याला विशेष लागू पडावी असे मला वाटते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे भीषण उपासमार झाली. त्या वेळी जी मुले आईच्या पोटात होती, ती पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या शरीराला साखर पचविणे इतरांपेक्षा जड जाते असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याकडील १९७२ चा दुष्काळ माझ्या वयाच्या कोणाला सांगावयास नको. आयाबहिणी खडी फोडण्याच्या कामावर जात, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांवर दिवस निघत. त्या वर्षी ज्या मातांच्या पोटी बाळे होती, ती बाळे आज पन्नाशी ओलांडलेली आहेत. पुढे त्यांतील कितीतरी जण मुंबईस गेले, कोणी गावातच दुकान घातले. अंगमेहनत घटली, पोळी, भात आणि गोड चहा वाढला. त्यांच्यासंबंधी स्वतंत्र अभ्यासाचा हवाला मी देत नाही. परंतु हॉलंडचा आणि पुण्याचा अनुभव एकत्र ठेवून पाहिला तर या पिढीने आपली साखर व रक्तदाब दरवर्षी तपासून घ्यावा, हे शहाणपणाचे होईल.

तर मग उपाय काय? साधा विचार करणारा म्हणेल, “साखरेने नुकसान होते, तर साखर शक्य तितकी खाली आणावी.” अमेरिकेत व कॅनडात हे करून पाहण्यात आले. सुमारे तीन हजार मधुमेह्यांच्या मेंदूचा त्यात अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. काहींची साखर फार कडक ठेवली, काहींची बेताची. सव्वातीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर दोहोंच्या बुद्धीत फरक आढळला नाही. आणि कडक उपचार घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्यामुळे तो उपचार २००८ सालीच थांबवावा लागला होता. २००९ साली कॅलिफोर्नियातील सोळा हजारांहून अधिक वयस्क मधुमेह्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की, साखर अतिशय खाली जाऊन ज्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक होते. आवर्तनच बंद झाले तर टेलच्या शेताची काय अवस्था होईल, याची कल्पना आपणास आहेच. म्हणून वडीलधाऱ्या माणसाची साखर फार चढू नये आणि फार पडूही नये, हा मध्यम मार्ग. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सात टक्क्यांच्या आसपास असावा असे सामान्यतः सांगतात. परंतु अशक्त व वृद्ध माणसाला डॉक्टर जाणूनबुजून थोडी ढील देतात. ती ढील म्हणजे हयगय नव्हे.

याच संदर्भात उपासाविषयी बोलणे प्राप्त आहे. व्रतवैकल्यांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. पण आमच्या नात्यातील एका बाईंचे उदाहरण सांगतो. एकादशीच्या दिवशी त्यांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, देवाचे नाव घेऊन दिवसभर केवळ पाणी प्राशन केले, आणि सायंकाळी त्या असंबद्ध बोलू लागल्या. घरच्या माणसांना ओळखीनात. अंगाला दरदरून घाम सुटला. कोणी म्हणाले झटका आला, कोणी म्हणाले बाहेरची बाधा झाली. सुदैवाने शेजारच्या परिचारिकेने बोटाचे रक्त तपासले, साखर फार खाली गेलेली होती. त्या गिळू शकत होत्या, म्हणून साखरेचे पाणी पाजले आणि पंधरा मिनिटांत त्या शुद्धीवर आल्या. सर्वच गोळ्यांनी असे होत नाही. परंतु इन्सुलिन आणि काही विशिष्ट गोळ्या यांनी होते. तेव्हा आपली गोळी कोणत्या जातीची आहे आणि उपासाच्या दिवशी ती घ्यावी की नाही, हे आधी डॉक्टरांस विचारून ठेवावे. रोगी बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

साखरेइतकेच, किंबहुना मेंदूच्या बारीक नळ्यांच्या दृष्टीने साखरेहूनही अधिक लक्ष द्यावयाचे ते रक्तदाबाकडे. याविषयी अलीकडे चीनमधून फार उत्साहवर्धक वार्ता आली आहे. तेथील ३२६ खेड्यांतील, चाळिशी ओलांडलेल्या व रक्तदाब असलेल्या सुमारे चौतीस हजार लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत, मोठे डॉक्टर नव्हेत, तर गावातीलच आरोग्यसेवकांनी घरोघरच्या लोकांचा रक्तदाब वरचेवर मोजला, स्वस्त व नेहमीच्या गोळ्या वेळेवर दिल्या, मीठ कमी करण्यास शिकविले आणि रक्तदाब १३० वर ८० च्या आत आणण्याचा प्रयत्न केला. चार वर्षांनी त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर खेड्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. बंधुभगिनींनो, यात कोणते दिव्य औषध होते? काही नाही. मोजणे, नेम आणि चिकाटी. जे चीनच्या खेड्यात होऊ शकते ते पारनेर तालुक्यात का होऊ नये? आपल्याकडेही तीस वर्षांवरील माणसांची साखर व रक्तदाब सरकारी आरोग्यकेंद्रातून विनामूल्य तपासण्याची योजना आहे, गावोगाव आशाताई आहेत. अडचण आहे ती आपल्या “मला काय झाले आहे?” या वृत्तीची. रक्तदाबाला कळ नसते. दात दुखला तर मनुष्य रात्री उठून धावतो. रक्तदाब वीस वर्षे मुकाट्याने काम करतो आणि त्याला कोणी विचारीत नाही.

मंद झालेल्या बुद्धीची काही कारणे अशीही आहेत की जी दूर करता येतात, म्हणून ‘आता काय उपयोग?’ असे म्हणून तपासणी टाळू नये. त्यांतील एक म्हणजे बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते. धान्य-भाजीतून मिळत नाही. पुणे शहर व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ते कमी आढळले. त्यातून मधुमेहाची जी सर्वांत प्रचलित गोळी, मेटफॉर्मिन, ती दीर्घकाळ घेतल्याने हे जीवनसत्त्व आणखी कमी होऊ शकते. गोळी उत्तम आहे, ती सोडू नये. पण रक्तातील बी-१२ मोजून घ्यावे आणि कमी असल्यास भरून काढावे. तसेच थायरॉइडचे विकार, मनाची उदासीनता, झोपेच्या गोळ्या आणि बहिरेपणा यांमुळेही माणूस बुद्धिमंद भासतो. ज्याला ऐकू येत नाही तो प्रश्नाला उत्तर कसे देणार? त्याला कानयंत्र हवे असते आणि आपण त्याला वेड्यात काढतो!

डोळ्यांचे एक रहस्य सांगतो. डोळ्याचा पडदा ही शरीरातील अशी एकमेव खिडकी आहे की, जिच्यातून डॉक्टरला बारीक रक्तवाहिन्या प्रत्यक्ष दिसतात. पडद्यावरच्या नळ्या बिघडल्या असतील तर मेंदूतल्याही बिघडत असण्याचा संभव अधिक. म्हणून मधुमेह्याने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे. तंबाखू, विडी आणि आपल्या भगिनींची मिश्री ही तर या नळ्यांची उघड वैरीण. मिश्री दातांना लावतात म्हणून ती तंबाखू नव्हे, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. ती भाजलेली तंबाखूच आहे. याउलट रोज अर्धा-पाऊण तास चालणे हे सर्वांत स्वस्त औषध. पंढरीच्या वारीला जाणाऱ्यांना चालणे नवे नाही. वर्षातून एकदा शंभर कोस चालण्याऐवजी रोज एक कोस चालले तर देहाला अधिक लाभ.

आता एका नाजूक गोष्टीला हात घालतो. बुद्धी मंदावू लागल्यावर घराघरांत जी गोष्ट सर्वांत आधी पेटते ती जमिनीची. कोणी म्हाताऱ्याचा अंगठा घेतो, कोणी सही करवून घेतो, आणि मग भावाभावांत दहा-दहा वर्षे दावे चालतात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणारा सुज्ञ मनाचा असावा लागतो आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केलेली बरी. तेव्हा ज्यांना दीर्घकाळचा मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांनी बुद्धी लख्ख असतानाच मुलामुलींना एकत्र बसवून आपली इच्छा सांगावी व लेखी करून ठेवावी. यात अशुभ काही नाही. पेरणीआधी बांध घालतो, तसेच हे आहे. आणि मुलांना माझे सांगणे असे की, ज्याला बेरीज जमत नाही त्याच्याकडून वजाबाकीच्या कागदावर सही घेऊ नये.

शेवटी आपल्या मंडळाने काय करावे, याच्या चार सूचना आपणापुढे ठेवतो. पहिली, दरवर्षीच्या मेळाव्यात नावनोंदणीच्या मेजाशेजारी रक्तदाब व साखर तपासण्याचे मेज असावे आणि प्रत्येक कुटुंबाने आकडे एका वहीत टिपून ठेवावेत, म्हणजे मागील वर्षाशी तुलना करता येईल. दुसरी, रक्तदाब मोजण्याची दोन-तीन यंत्रे मंडळाने घेऊन गावोगावच्या सभासदांना पाळीपाळीने वापरण्यास द्यावीत. तिसरी, आपल्या पंगतींत एकच गोड पदार्थ असावा आणि मधुमेह्याला आग्रह करू नये. आग्रह हे आपल्या आतिथ्याचे भूषण खरे, परंतु ज्याला जिलेबी वर्ज्य आहे त्याच्या ताटात ती टाकणे हे आतिथ्य नव्हे. चौथी सूचना शिक्षक या नात्याने करतो. स्मृतिभ्रंशाविषयी जागतिक तज्ज्ञमंडळाने २०२४ साली जी टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली, त्यांत मधुमेह व रक्तदाब यांच्याबरोबर लहानपणी अपुरे मिळालेले शिक्षण हेही एक कारण आहे. ज्याने अधिक शिक्षण घेतले त्याचा मेंदू पुढील झीज अधिक काळ सोसतो. म्हणून मुलींच्या शिष्यवृत्तीला दिलेला रुपया हा केवळ तिच्या नोकरीसाठी नाही. साठ वर्षांनंतर ती आजी होईल तेव्हाच्या तिच्या बुद्धीसाठीही आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून आता हद्दपार करावी, अशी माझी विनंती आहे. तिच्यामुळे म्हातारा माणूस स्वतःला निरुपयोगी समजतो, आणि घरचे लोक रोगाला वय समजून स्वस्थ बसतात. आजच्या दिवसापुरते एवढेच करा. घरी गेल्यावर आपल्या वडिलांना, आईला, काका-काकूंना विचारा की, शेवटचा रक्तदाब कधी मोजला होता. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. आणि उत्तर ‘आठवत नाही’ असे आले, तर उद्या सकाळी त्यांच्याबरोबर स्वतः दवाखान्यात जा.